वाढदिवस असो की बोरन्हाण : कुणीही ‘बाद’ होणार नाही असे सामूहिक खेळ



जानेवारी आला की आपल्या बारामती-इंदापूर भागात दोन गोष्टी एकदम सुरू असतात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि घराघरांत बोरन्हाण. त्यात वाढदिवस तर बारा महिने असतातच. मग शाळेच्या दारात पालक हमखास विचारतात, “सर, पंधरा-वीस पोरं येणारेत. केक कापून झाल्यावर काय करायचं? एखादे दोन खेळ सांगा की.”

खेळांची यादी मोबाईलवर पाच मिनिटांत मिळते. पण यादी काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, असं मला वाटतं. या खेळात बाद झालेलं मूल पुढं काय करणार? या प्रश्नाच्या उत्तरावर पार्टीतला अर्धा आनंद अवलंबून असतो. आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. खेळ बहुतेक जुनेच आहेत, फक्त नियमांत थोडे बदल सुचवले आहेत.

संगीत खुर्चीचा हिशोब

प्रत्येक पार्टीत होणारा खेळ म्हणजे संगीत खुर्ची. त्याचा एकदा हिशोब मांडून पाहू.

समजा १५ मुलं आहेत. एक विजेता उरेपर्यंत १४ फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत जो बाद झाला तो उरलेल्या १३ फेऱ्या बसून राहतो. एका फेरीला दीड मिनिट धरलं तरी जवळजवळ वीस मिनिटं. दुसरा १२ फेऱ्या बसतो, तिसरा ११. ही सगळी बेरीज ९१ येते. सगळी मुलं सगळ्या फेऱ्या खेळली असती तर १५ गुणिले १४ म्हणजे २१० झाले असते. म्हणजे खेळाचा शंभरातला त्रेचाळीस भाग मुलं नुसती बसून काढतात.

आता ती सुरुवातीला बाद होणारी मुलं कोण असतात ते आठवा. सगळ्यात लहान, लाजाळू, अंगानं जड, नवीन आलेलं, किंवा पळताना अडचण असलेलं मूल. ज्याला खेळण्याची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात आधी बाहेर. मग ते आईच्या मागं लपतं, नाहीतर कुणाचा तरी मोबाईल मागतं. आपण म्हणतो, “हा मिसळतच नाही.” त्याला मिसळायला आपण किती वेळ दिला, हे कुणी मोजत नाही.

कबड्डीनं दिलेले तीन शब्द

यावर उपाय शोधायला लांब जायला नको. आपल्या हुतूतूत, म्हणजे कबड्डीत, पूर्वी बाद होण्याचे तीन वेगवेगळे प्रकार खेळले जात.

गामिनी : बाद झालेला खेळाडू बाहेरच राहतो. अख्खा संघ बाद झाल्यावरच पुन्हा आत येतो.
संजीवनी : समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन परत येतो. आजची कबड्डी याच वळणाची आहे.
अमर : गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही. समोरच्या संघाला एक गुण मिळतो आणि खेळ चालूच राहतो.

पार्टीतला कोणताही खेळ घ्या आणि विचारा, हा गामिनी आहे, संजीवनी की अमर? संगीत खुर्ची शुद्ध गामिनी. मुलांच्या पार्टीसाठी संजीवनी आणि अमर हे दोनच प्रकार ठेवायचे. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं तर नवीन खेळ शोधायची गरजच पडत नाही, आहे तोच खेळ बदलता येतो.

तसं पाहिलं तर मुलांनी हा नियम स्वतःच कधीचा शोधलेला आहे. मोठ्या पोरांच्या खेळात धाकटं भावंड आलं की ते ‘कच्चं लिंबू’ ठरतं. त्याला कितीही वेळा पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा अमरचाच प्रकार. अडचण एवढीच की तिसरी-चौथीतल्या मुलाला कच्चं लिंबू म्हटलं की ते त्याला लागतं. म्हणून सवलत एकट्याला द्यायची नाही. नियमच सगळ्यांसाठी अमर ठेवायचा.

आषाढात तुकोबांची पालखी आपल्याच गावांवरून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण होतं. तिथं वारकऱ्यांच्या फुगड्या आपल्या मुलांनी पाहिलेल्या असतात. सत्तरीची आजी आणि विशीतली सून एकमेकींचे हात धरून गरागरा फिरतात. फुगडी सुटली की हसतात आणि पुन्हा धरतात. कोण जिंकलं, असं तिथं कुणी विचारत नाही. पार्टीत एक फेरी फुगडीची ठेवा, मुलगे आणि मुली दोघांसाठी. साहित्य शून्य.

आता खेळ

१) आकड्यांचे गट
वय ६ वर्षांपुढं. साहित्य काही नाही. वेळ १० मिनिटं.

मुलं मोकळ्या जागेत फिरतात. पुकारणारा आकडा सांगतो, “चार!” लगेच चार-चार जणांनी एकमेकांचे हात धरून गट करायचे. नेहमीच्या पद्धतीत उरलेली मुलं बाद होतात. आपण बदल करायचा. जी उरली, पुढचा आकडा त्यांनी पुकारायचा.

यात गणित आपोआप येतं. १८ मुलं असतील आणि “तीन” पुकारलं तर कुणीच उरत नाही. “चार” म्हटलं तर दोघं उरतात. ही भागाकारातली बाकी मुलांना डोळ्यांसमोर उभी दिसते. १७ मुलं असतील तर आणखी गंमत. कोणताही आकडा पुकारा, कुणीतरी उरतंच, फक्त १ आणि १७ सोडून. असं का, ते मुलांनाच शोधू द्या. मूळ संख्या हा शब्द नंतर वर्गात सांगता येईल.

सुरुवातीला हा खेळ घेण्याचं कारण म्हणजे अनोळखी मुलं पाच मिनिटांत एकमेकांचे हात धरतात. गट दर वेळी बदलत असल्यामुळं ‘माझा मित्र, तुझा मित्र’ अशा टोळ्या पडत नाहीत.

२) साखळी
वय ६ वर्षांपुढं. जागा अंगण किंवा मैदान.

एकावर राज्य. तो ज्याला पकडेल त्यानं त्याचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला पकडायचं. साखळीत चार जण झाले की ती तोडायची, दोन-दोनच्या दोन साखळ्या करायच्या. शेवटी जो उरेल त्याच्यावर पुढचं राज्य.

इथं पकडलं जाणं म्हणजे बाहेर जाणं नाही, बाजू बदलणं आहे. जे मूल पहिल्यांदा सापडतं ते पकडणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळ राहतं. साखळी न तोडता वाढवत नेली तर कडेची लहान मुलं फरफटत जातात आणि पडतात, म्हणून चारची मर्यादा पाळा.

३) विषामृत
वय ७ वर्षांपुढं.

हा खेळ जन्मतःच संजीवनी आहे. राज्य असलेल्यानं शिवलं की ‘विष’, जागेवर थिजून उभं राहायचं. मोकळ्या खेळाडूनं येऊन शिवलं की ‘अमृत’, पुन्हा पळायचं. पंधरा मुलांमागं तिघांवर राज्य द्या, नाहीतर एकटा पळून पळून रडकुंडीला येतो. दर दोन मिनिटांनी राज्य बदला.

पालकांनी यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कोणतं मूल नुसतं स्वतःला वाचवतं आणि कोणतं दुसऱ्याला सोडवायला जातं. सोडवणाऱ्याचं नाव घेऊन कौतुक करा. पुढच्या फेरीत सोडवणारे वाढलेले दिसतील.

४) पोत्यांची संगीत खुर्ची
वय ५ वर्षांपुढं. साहित्य रिकामी पोती किंवा सतरंज्या, गाण्यासाठी मोबाईल.

खुर्च्यांऐवजी जमिनीवर सहा-सात पोती अंथरा. गाणं थांबलं की प्रत्येकाचे पाय कुठल्या तरी पोत्यावर हवेत. दर फेरीला एक पोतं काढायचं, मूल एकही काढायचं नाही. पोती कमी होतील तशी मुलं एकमेकांना धरतात, लहानाला उचलून घेतात, “सरक की जरा” म्हणत जागा करून देतात. तीन पोत्यांवर सगळी मावली की खेळ संपला, सगळे जिंकले. त्याच्या पुढं जाऊ नका, चेंगराचेंगरी होते. फरशीवर पोतं घसरतं. तिथं खडूनं गोल आखा.

५) मामाचं पत्र हरवलं
वय ४ ते ८ वर्षं. साहित्य एक रुमाल.

सगळ्यांना ठाऊक असलेला खेळ. गोल बसायचं, राज्य असलेल्यानं मागून पळत जाऊन कुणाच्या तरी पाठीमागं गुपचूप रुमाल टाकायचा. यात कुणी बाद होत नाही, पण दुसराच घोळ असतो. दोन मैत्रिणी एकमेकींच्याच मागं रुमाल टाकत राहतात आणि काही मुलांच्या वाट्याला रुमाल येतच नाही. म्हणजे बाद नाहीत, पण आतही नाहीत.

यावर सोपा नियम आहे. ज्याची पाळी झाली त्यानं डोक्यावर टोपी घालायची किंवा हाताची घडी घालून बसायचं. रुमाल फक्त पाळी न झालेल्याच्या मागंच टाकायचा. सगळ्यांची एक पाळी झाली की खेळ पूर्ण.

६) अमर लगोरी
वय ८ वर्षांपुढं. साहित्य सात चपटे दगड आणि कापडी चेंडू.

जुना मोजा घ्या, त्यात चिंध्या घट्ट भरून गाठ मारा, चेंडू तयार. रबरी चेंडू जवळून लागला तर पोरं रडतात, हा लागत नाही. धाकटी मुलं असतील तर दगडांऐवजी रिकामे खोके रचा.

एका संघानं लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची, दुसऱ्यानं चेंडू मारून अडवायचं. चेंडू लागलेला गडी बाद नाही. मारणाऱ्या संघाला एक गुण, आणि लागलेल्यानं पळत जाऊन ठरवलेल्या झाडाला शिवून परत यायचं. लगोरी रचून झाली तर पाच गुण. पाच मिनिटांनी संघांची अदलाबदल. संघ पाडताना दोन कप्तान नेमून मुलं निवडू देऊ नका, शेवटी उरणाऱ्याचं मन मोडतं. जन्ममहिन्याच्या क्रमानं ओळ करा आणि एक-दोन, एक-दोन मोजा.

७) राजा-प्रधान-शिपाई-चोर
वय ८ वर्षांपुढं. साहित्य कागद आणि पेन.

अंधार पडल्यावर चार-चारचे गट करून बसवा. चिठ्ठ्या उचलायच्या, शिपायानं चोर ओळखायचा. गुण गावागावांत वेगळे असतात, ते मुलांनाच ठरवू द्या. बेरीज प्रत्येकानं आपापली करायची. जेवणाच्या ताटांची तयारी होईपर्यंत पोरं एका जागी बसतात, हा पालकांचा फायदा!

बोरन्हाणातली ‘लूट’

बोरन्हाण म्हणजे आपल्या घरातली लहान मुलांची सगळ्यात जुनी पार्टी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, पाच वर्षांच्या आतल्या बाळाला पाटावर बसवून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, हलवा त्याच्या डोक्यावरून ओततात. आणि जमलेली मुलं ते लुटतात. ही लूट मात्र बहुतेक वेळा गामिनीच असते. दांडगा पोरगा खिसे भरतो, छोटी मुलगी दोन बोरं घेऊन रडत उभी.

लूट बंद करू नका, तिच्यातच खरी मजा आहे. फक्त मुलांच्या जोड्या लावा, एक मोठं आणि एक लहान. दोघांत एकच टोपली. लहानानं वेचायचं, मोठ्यानं टोपली धरायची. शेवटी टोपलीतलं दोघांनी निम्मं निम्मं वाटायचं. मोठ्यांनी मोजून वाटलं तर तोही गणिताचा तासच.

एक काळजी महत्त्वाची. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात बोराची बी, शेंगदाणे, फुटाणे अडकू शकतात. या वयाच्या मुलांच्या टोपलीवर एका मोठ्या माणसाचं लक्ष हवंच. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही लगेच उचला. तोंडात घालणारं मूल एखादं असतंच.

दोन तासांचं नियोजन

जानेवारीत आपल्याकडे सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणून पळापळीचे खेळ आधी, केक नंतर.

४.४५ मुलं जमतात, पाणी
५.०० आकड्यांचे गट
५.१० साखळी आणि विषामृत
५.३५ पाणी, पाच मिनिटं दम
५.४० अमर लगोरी. लहानांसाठी बाजूला मामाचं पत्र
६.०० पोत्यांची संगीत खुर्ची, मग फुगड्या
६.१५ केक किंवा बोरन्हाण, खाऊ
६.३० बसून चिठ्ठ्यांचा खेळ
६.४५ निरोप

उन्हाळ्यातली पार्टी असेल तर हेच वेळापत्रक सकाळी साडेसातला सुरू करा. मे महिन्यात संध्याकाळी पाचलाही इंदापूरकडचं ऊन सोसवत नाही. आणि खाऊन झाल्यावर पळवू नका, पोटात दुखतं.

वस्तीवर पार्टी असेल तर

आता बरीच घरं शेतात, वस्तीवर आहेत. जागा भरपूर असते, पण खेळ सुरू करण्याआधी एक फेरी मारून या. शेततळं असेल तर तिकडची बाजू पूर्ण बंद. शेततळ्याचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, मुलाचं तर विचारूच नका. विहिरीच्या आणि शेततळ्याच्या दिशेला एक मोठा माणूस नुसता उभा ठेवा, त्याला दुसरं काम सांगू नका. आंधळी कोशिंबीर अशा जागी घेऊच नका. अंगणातले सराटे आणि बाभळीचे काटे झाडून काढा. चेंडूचा खेळ रस्त्याच्या बाजूला नको, हंगामात ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात.

कोपीवरची मुलं आणि पाहुण्या भाषा

गाळप हंगामात बीड, अहिल्यानगर, जालना भागातून ऊसतोड कुटुंबं आपल्याकडे येतात. त्यांची मुलं चार-पाच महिने आपल्या शाळेत बसतात. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आलेल्या परराज्यातल्या कुटुंबांची मुलंही आता वर्गावर्गांत आहेत. बोरन्हाणाचे दिवस आणि गाळपाचे ऐन दिवस एकच. तरीही वाढदिवसाच्या बोलावण्यात ही मुलं बऱ्याचदा राहून जातात. मुद्दाम वगळलेली नसतात, पण कुणाच्या लक्षातच येत नाहीत. सगळ्यात मोठं ‘बाद’ होणं हेच आहे, खेळ सुरू होण्याआधीच.

पालकांना एक विनंती. वर्गातली मुलं बोलावणार असाल तर पूर्ण वर्ग बोलवा, नाहीतर वर्गात निमंत्रण वाटू नका. “भेटवस्तू आणू नका, फक्त खेळायला या,” हे वाक्य प्रत्येकाला सांगा. न आणलेल्या भेटवस्तूच्या लाजेनं मूल घरीच थांबतं. बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना एकसारखं, पेन्सिल किंवा गोष्टीचं छोटं पुस्तक.

आणि या मुलांना नुसतं पाहुणं ठेवू नका, एक खेळ त्यांना शिकवू द्या. “तुमच्याकडं काय खेळता?” असं विचारलं की पोरं फुलतात. आपली लगोरी हिंदी मुलखात पिट्ठू होते, कुठं सतोलिया होते. नाव वेगळं, दगड तेच सात. नियम समजावून सांगताना त्या मुलाला मराठी येत नसेल तरी हातवाऱ्यांनी तो सांगतो, बाकीचे समजून घेतात. वर्गात महिनाभर गप्प असलेलं मूल खेळ शिकवताना पहिल्यांदा मोठ्यानं बोलतं.

“पण हरायलाही शिकलं पाहिजे ना?”

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो बरोबर आहे. हरणं शिकायलाच हवं. पण हरणं शिकायचं म्हणजे हरल्यावर लगेच पुन्हा उभं राहायचं, हे शिकायचं. भिंतीला टेकून वीस मिनिटं बसलेलं मूल यातलं काही शिकत नाही, ते फक्त पुढच्या वेळी “मला नाही खेळायचं” म्हणायला शिकतं. अमर लगोरीत दहा वेळा चेंडू लागलेला पोरगा दहा वेळा झाडाला शिवून परत येतो. हरणं त्यानं जास्त वेळा पचवलेलं असतं. मोठ्या मुलांना चुरशीच्या स्पर्धेसाठी शाळेचं मैदान, कबड्डी आणि खो-खो आहेतच. वाढदिवसाला बोलावलेलं मूल आपला पाहुणा आहे, त्याची निवड चाचणी घ्यायची नाही.

वर्गात काय करता येईल?

शिक्षक मित्रांनो, महिन्यातल्या एका शनिवारी त्या महिन्यात वाढदिवस असलेल्या सगळ्या मुलांचा एकत्र वाढदिवस करून पाहा. केक नको, चॉकलेट नको. वाढदिवस असलेल्यांनी मिळून तीन खेळ निवडायचे आणि वर्गानं खेळायचे. एखाद्या मुलाला स्वतःची तारीख माहीत नसेल, तर त्याला आवडता महिना निवडू द्या. हंगाम संपून गावाकडं परत जाणाऱ्या मुलांचा वाढदिवस ती जाण्याआधीच धरा.

नंतर फळ्यावर तीन रकाने काढा, गामिनी, संजीवनी, अमर. मुलांना माहीत असलेले सगळे खेळ त्यात लिहायला सांगा. गामिनीच्या रकान्यातला एक खेळ प्रत्येक गटानं घ्यायचा आणि नियम बदलून तो अमर करून दाखवायचा. भाषा, गणित आणि शारीरिक शिक्षण, तिन्ही तास यात येतात. मुलं असे नियम काढतात की आपल्यालाही सुचले नसते.

तुमच्या गावातला खेळ कोणत्या रकान्यात बसतो, ते या रविवारी मुलांबरोबर खेळून बघा. मोठ्यांनीही साखळीत हात धरायला हरकत नाही.